आक्काच्या आडाचं पाणी

आमच्या प्रयोगशाळेत गॅस नव्हता. आज सांगितलं तर पोरं हसतात, पण चाळीसच्या दशकाच्या अखेरीला नगरच्या आमच्या कॉलेजात इंटर सायन्सचं अख्खं रसायनशास्त्र आम्ही स्पिरिटच्या दिव्यांवर आणि दोन रॉकेलच्या स्टोव्हांवर शिकलो. डिस्टिल्ड वॉटर तांबटाकडून करून घेतलेल्या एका भांड्यातून थेंब थेंब ठिबकायचं. फिल्टर पेपर संपले की टीपकागद कापून वापरायचे. लढाई संपली होती, पण विलायतेहून येणाऱ्या रसायनांच्या बाटल्या अजून धड येत नव्हत्या, आणि ज्या येत त्या सर कुलपात ठेवत. सगळ्यात कडक पहारा सिल्व्हर नायट्रेटवर, कारण ते चांदीचं. प्रयोग झाला की त्याचा गाळसुद्धा मोरीत ओतायचा नाही, एका काळ्या बरणीत साठवायचा. सुट्टी लागली की सर त्या गाळातून पुन्हा चांदी काढत बसायचे.

सर पन्नाशीचे, किडकिडीत, बोलायला मिरचीसारखे. त्यांना एकच ध्यास होता. कॉलेजातल्या मुलांनी करायचे प्रयोग इथल्याच वस्तूंतून बसवायचे. भट्टीवरची चुनखडी, पापडखार, हळदीचे कागद, जास्वंदीच्या फुलांचा रस, असलं काहीबाही घेऊन ते संध्याकाळपर्यंत खटपट करत. एकेक प्रयोग आधी स्वतः दहा वेळा करायचे, मग आमच्याकडून करून घ्यायचे, आणि आमच्या हातून काय बिघडतं ते वहीत लिहून ठेवायचे. “पुस्तकातला साहेब त्याच्या नदीचं पाणी तपासतो,” ते म्हणायचे. “तुम्ही तुमच्या आडाचं तपासा. ते पिऊन तुम्ही इतके शहाणे झालात, ते कसलं आहे ते तरी कळू दे.”

तर त्या वर्षी त्यांनी हाच प्रयोग बसवला. प्रत्येकाने गावाकडच्या पिण्याच्या पाण्याची एक बाटली आणायची आणि त्यात मीठ किती ते काढायचं. पद्धत सोपी होती. मोजून पाणी घ्यायचं, त्यात पिवळं क्रोमेट टाकायचं आणि वर उभ्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचं. पाण्यातलं मीठ संपेपर्यंत पिवळा रंग टिकतो. संपलं की एका थेंबात विटकरी झाक येते आणि जात नाही. तिथे नळी बंद करून आकडा वाचायचा. आकडा जितका मोठा तितकं मीठ जास्त.

“मीठ वाईट नव्हे,” सरांनी आम्हाला समजावलं होतं. “पण आजूबाजूच्या चार विहिरींत थोडकंच मीठ आणि पाचव्या विहिरीत त्याच्या चौपट, तर ते आलं कुठून? माणसाजनावरांच्या मुताशेणातून. मीठ हे चोराचं पाऊल. चोर दिसत नाही, पाऊल दिसतं.”

कोणताही आकडा तीनदा काढायचा आणि तिन्ही जुळले पाहिजेत, हा नियम होता. आता खरं सांगतो, आमच्यातला कुणीही तीनदा काढत नसे. एकदा काढायचा आणि मागेपुढे अर्धा-एक थेंब धरून उरलेले दोन लिहून टाकायचे. याला आम्ही ‘रीडिंग जमवणं’ म्हणायचो. एरवी आमच्या वर्गात चार तोंडं चार दिशांना असायची, पण एवढ्या बाबतीत सगळे एकदिलाचे होते.

मी पारनेर तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या गावचं पाणी दुसऱ्याच एका मुलाने आणलं होतं, म्हणून मी आक्काच्या सासरचं आणायचं ठरवलं. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आक्कानेच मला कडेवर घेऊन भाकऱ्या थापल्या, आणि लग्न होऊन नेवाशाकडे गेली तेव्हा वडिलांना बजावून गेली की ह्याला शाळेतून काढायचं नाही. स्वतः ती शाळेच्या पायरीवरही चढली नव्हती. मी कॉलेजात गेल्याचा सगळ्यात जास्त तोरा कुणाला असेल तर तो तिला.

दिवाळीत तिच्याकडे गेलो तर तिचं लक्ष माझ्या हातांकडे.

“बोटं कशानं रं काळी झाली तुझी?”

“चांदीचं पाणी लागलं, आक्का.”

“चांदीनं काळं पडतंय व्हय? लई उलटं शिकीवत्यात तुला.”

मग मी तिला बाटलीचं काम सांगितलं. बाटली काचेची पाहिजे, स्वच्छ पाहिजे, ज्या आडाचं पाणी त्याच पाण्याने तीनदा खळबळायची, मग काठोकाठ भरून बूच घट्ट लावायचं. वर शहाणपणा म्हणून जोडलं, “लोणच्याबिणच्याची बाटली घेऊ नकोस, नाहीतर सगळा प्रयोग खारट होईल.”

“येवढी का येडी हाय मी?” ती म्हणाली आणि हसली. तिला राग आला असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

माघात दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, बाजाराला नगरला आले. मी तासाला होतो, म्हणून माझ्या होस्टेलच्या रखवालदाराजवळ पिशवी ठेवून ते बैलगाडीबरोबर परत गेले. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लिंबाच्या लोणच्याची एक लहान बरणी आणि पाण्याची बाटली. बरणीचं फडकं वाटेत सुटलं होतं. लोणच्याच्या खाराने पिशवी भिजली होती, बाटलीला मोहरीची डाळ चिकटली होती, बुचालासुद्धा वास मारत होता.

बाटली बाहेरून पुसली आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगाला बसलो. तोपर्यंत त्या भागातल्या तीन-चार गावांचं पाणी तपासून झालं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं गाव आक्काच्या गावापासून दीड कोसावर. त्याचा आकडा पाचाच्या आत होता. मी नळी सोडली. पाच झाले, पिवळंच. आठ झाले, दहा झाले, पिवळंच. बारानंतर दोघेतिघे येऊन भोवती उभे राहिले. सतरा झाले तेव्हा कुठे विटकरी झाक आली.

“काय रे, समुद्र भरून आणलास का?” कुणीतरी म्हणालं.

मी बूच नाकाला लावलं आणि म्हटलं, “आमच्या आक्काने लोणच्याच्या बाटलीत पाणी भरलंय. सांगून सांगून दमलो, पण खेड्यातल्या बायकांना काय कळणार?”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

सरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, दुसरी बाटली आण. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, नेवाशाकडे कोण जाणार? आणि मला माझ्या शहाणपणाची खात्री होती. हा आकडा आडाचा नव्हे, लोणच्याचा आहे, मग तो लिहून सरांचा गावोगावच्या पाण्याचा तक्ता कशाला नासवायचा, असा मी विचार केला. कच्च्या वहीतल्या सतरावर मी आडवी रेघ मारली. शेजाऱ्याच्या आकड्यावरून चार पूर्णांक सहा, चार पूर्णांक सात, चार पूर्णांक सहा अशी तीन रीडिंगं जमवली आणि चिठ्ठी भरून सरांच्या टेबलावर ठेवली. गावाचं नाव, आड, आकडा, खाली माझी सही.

सर म्हणाले, “तिन्ही जुळली? शाबास. शेरा लिही, पिण्यास योग्य.”

मी तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला आक्कासमोर मिरवायचं होतं. एका कोऱ्या कागदावर मी ठळक अक्षरांत लिहिलं की या आडाचं पाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं असून ते पिण्यास उत्तम आहे. ‘योग्य’चं ‘उत्तम’ मी केलं, माझ्या मनाने. खाली सही केली, आणि जर्नलांवर मारायचा प्रयोगशाळेचा रबरी शिक्का सरांची नजर चुकवून त्यावर उमटवला. पाकिटात घालून तो कागद पाठवून दिला. आठवड्याने तिच्या गावच्या मास्तरांच्या अक्षरात उत्तर आलं. चिठ्ठी चावडीवर वाचून दाखवली, सगळ्या आळीला आनंद झाला, लोणचं आवडलं का, आणि परीक्षेच्या दिवसांत उपाशी राहू नकोस.

चैत्रात त्यांच्या गावची जत्रा असते. जत्रेनंतर तिकडे पटकी सुरू झाली. कॉलरा हा शब्द मला येत होता, पण घरी सगळे पटकीच म्हणत. निरोप आमच्या गावी पोचला तेव्हा परीक्षा देऊन मी नुकताच आलो होतो. वडील आणि मी मिळेल त्या गाडीने निघालो. आम्ही पोचलो तेव्हा आक्काला पोचवून लोक परतले होते. सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत ती गेली, एवढंच दाजींनी सांगितलं. ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी काय केलं ते मला आठवत नाही. त्या आळीतली आणखी दोन माणसं त्याच आठवड्यात गेली होती.

दहाव्याला आम्ही पुन्हा गेलो. ओढ्यावरून विधी आटपून आल्यावर आक्काची सासू माझ्याजवळ येऊन बसली. म्हातारी एरवी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी सुनेचे गुण सांगताना थांबेना. मला बरं वाटावं म्हणूनच सांगत होती.

“तुज्यावर लई जीव हुता रं तिचा. ती बाटली भरायची तवा काय थाट! नेवाशाच्या डाक्टराकडून कोरी बाटली मागवली. तीनदा उकाळली. आडाच्या पान्यानं सात डाव खळबळली. मी म्हनले, बास की गं, काच झिजंल. तर म्हनती, आत्याबाई, काय उणं ऱ्हायलं तर तिकडं भावाचं नाव खराब हुईल.”

मी विचारलं, “लोणचं?”

“लोनचं व्हय? ते वाटंत सांडलं म्हनत हुता तुजा दाजी. बाटलीला काय बी झालं न्हाई, बूच लई घट ठोकलं हुतं तिनं.”

मग म्हातारीने तेही सांगितलं. पटकी सुरू झाल्यावर लोकल बोर्डाचा माणूस विहिरींत टाकायचं लाल औषध घेऊन आला होता. त्या औषधाने पाणी जांभळट होतं, कडवट लागतं, भाताला रंग चढतो, म्हणून ते कुणालाच नको असायचं. गावाबाहेरच्या बारवेत त्याने ते टाकलं.

“आडाकडं आला तर ही आडवी झाली. म्हनली, हे कालेजात तपासल्यालं पानी हाय, माझ्या भावाची सही हाय. आतून चिठ्ठी आनून दावली. त्यो बी शिक्का बघून म्हनला, मंग ऱ्हाऊ द्या. समदी आळी खुश! त्या बारवंचं कडू पानी कोन पिणार?”

म्हातारी पदराने डोळे पुसत उठून गेली. वडिलांनी दोनदा हाक मारली तरी मी जागचा उठलो नाही.

कॉलेजला सुट्टी होती, पण सर प्रयोगशाळेत सापडतील हे मला ठाऊक होतं. मी नगरला गेलो. ते काळ्या बरणीतला गाळ उपसत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सतराचा आकडा, रेघ, जमवलेली रीडिंगं, शिक्का, आक्का, लाल औषध. मला वाटलं होतं ते ओरडतील, हाकलून देतील. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

ते म्हणाले, “बाटलीत पाणी उरलंय?”

उरलं होतं. आम्ही वापरलेल्या सगळ्या बाटल्या ते वर्षभर फळीवर ठेवत. मीठ काही उडून जात नाही. सरांनी ब्युरेट धुऊन माझ्यापुढे उभी केली आणि स्वतः स्टुलावर बसले. मी पहिलं रीडिंग घेतलं. सतरा पूर्णांक एक. ते म्हणाले, पुन्हा. दुसरं सतरा. पुन्हा. तिसरं सतरा पूर्णांक एक. जन्मात पहिल्यांदा माझी तीन रीडिंगं आपसूक जुळली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते काळ्या बोटांनी पुसत होतो.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पटकी ह्याच पाण्यातून आली असं मला ह्या आकड्यावरून म्हणता येणार नाही,” ते सावकाश म्हणाले. “ते कुणालाच म्हणता येणार नाही. पण त्या आडात घाण झिरपते आहे, हे सांगता येत होतं. माघातच सांगता येत होतं.”

मग त्यांनी तक्त्याची वही काढली, आक्काच्या गावापुढचा आकडा खोडला आणि शेऱ्यापुढे लिहिलं, की हा शेरा शिक्षकाने कच्ची वही न पाहता लिहायला लावला. खाली स्वतःची सही केली. मला ते बघवेना.

“लोक अजून तेच पाणी पीत असतील,” ते म्हणाले. “आजच जा.”

सर्व्हिस मोटारीने मी निघालो आणि शेवटचे दोन कोस चालत गेलो. वाटेत काय बोलायचं ते शंभरदा जुळवलं. दाजी अंगणात चऱ्हाट वळत बसले होते. माझ्यासाठी त्यांनी घोंगडी टाकली. मी बसलो नाही. जे जुळवलं होतं ते सगळं विसरलो आणि जसं झालं तसं सांगून टाकलं. त्यांना रीडिंग कळत नव्हतं, म्हणून नळीने आधी काय दाखवलं आणि मी काय लिहिलं, एवढंच दोन वाक्यांत सांगितलं.

त्यांचे हात थांबले. “म्हंजे तुमच्या नळीला कळलं हुतं?”

“हो.”

“आन तुमी म्हनला, तिनंच बाटली खराब केली.”

“हो, दाजी.”

त्यांनी चऱ्हाट खाली ठेवलं. मग उठले, शेजारच्या दोघांना हाक मारली आणि आडाकडे गेले. मीही मागोमाग गेलो. आडाच्या वरच्या अंगाला आळीचा उकिरडा होता. दर दिवाळीला तिथे गेलो होतो, पण मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. त्यांनी पोहरा काढून घेतला, रहाट बांधून टाकला आणि आडाच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या रचल्या. बायका विचारायला आल्या तेव्हा दाजी म्हणाले, “पानी वंगाळ हाय. पाव्हणं सांगाया आल्यात.” का आणि कसं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माझं नाव त्यांनी आळीत राखलं, आणि मी ते राखू दिलं.

घरी आल्यावर म्हातारीने ताट वाढलं. दाजी माझ्याबरोबर जेवायला बसले, पण त्यांनी भाकरी मोडली नाही. मी कसेबसे चार घास गिळले. निघालो तेव्हा ते चपला घालून माझ्याबरोबर आले. दोन कोस आम्ही चाललो, ते पुढे, मी मागे. सडकेला लागल्यावर एका लिंबाखाली गाडीची वाट बघत उभे राहिलो. लांबून धुरळा दिसायला लागला तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

“पाव्हणं, चूक हुतीया मानसाकडनं. मी बी उकिरडा रोज बघत हुतो, मला तरी कुटं कळलं? त्येचं म्या काय म्हनत न्हाई.”

मी गाडीला हात केला.

“पर येक डाव तिला इचारायचं हुतं,” ते म्हणाले. “बाटली कसली हुती म्हनून. ती काय खोटं बोलली नसती.”

गाडी थांबली. मी चढलो आणि मागच्या बाकावर बसलो. विचारायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं असतं आणि चार दिवसांत तिचं उत्तर आलं असतं. ते कार्ड मी लिहिलं नाही, कारण आक्काला विचारण्यासारखं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.